हवामानाची गिरणी

गच्चीवर वाळवणं टाकण्याआधी तुम्ही आकाशाकडे बघता की मोबाइलकडे? मी दोन्हीकडे बघते. सांडगे-पापड भिजले तर आपली वर्षाची बेगमी जाते. पण मी राहते त्या माळव्यात सोयाबीन पेरल्यावर पावसाने दडी मारली, तर बियाणं जातं आणि दुबार पेरणीचा खर्च डोक्यावर बसतो. ज्या अंदाजावर एवढं काही अवलंबून आहे, तो तयार कसा होतो हे आपल्याला थोडं तरी ठाऊक हवं.

तो तयार होतो गणितातून. पृथ्वीभोवतीच्या हवेवर चौकटींचं जाळं आहे अशी कल्पना करा. प्रत्येक चौकटीतलं तापमान, दाब, वारा, बाष्प घ्यायचं आणि पुढच्या काही मिनिटांत काय होईल ते भौतिकशास्त्राच्या नियमांनी काढायचं. मग त्यापुढची काही मिनिटं. असं करत करत आठ-दहा दिवसांपर्यंत जायचं. लुईस फ्राय रिचर्डसन या इंग्रज शास्त्रज्ञाने हे सगळं हाताने करून पाहिलं. सहा तासांच्या अंदाजाला त्याला सुमारे सहा आठवडे लागले आणि उत्तरही साफ चुकलं! तरी १९२२ च्या आपल्या पुस्तकात त्याने एक स्वप्न मांडलं : एका प्रचंड सभागृहात ६४ हजार माणसं एकाच वेळी आकडेमोड करताहेत आणि मधोमध उभा असलेला एक जण सगळ्यांचा ताल सांभाळतोय. पुढे १९५० मध्ये एनिआक या संगणकावर पहिले अंदाज काढले गेले. तेव्हा चोवीस तासांच्या अंदाजाला जवळजवळ चोवीस तासच लागत होते.

आज त्या सभागृहाची जागा महासंगणकांनी घेतली आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये आपल्याकडे दोन नवे महासंगणक सुरू झाले. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत ‘अर्का’ आणि नोएडाच्या राष्ट्रीय मध्यम अवधी हवामान अंदाज केंद्रात ‘अरुणिका’. दोन्हींचा मिळून खर्च सुमारे ८५० कोटी रुपये. पुढच्याच वर्षी, मे २०२५ मध्ये, ६ किलोमीटरच्या चौकटींची ‘भारत फोरकास्ट सिस्टिम’ आली. त्याआधी चौकट १२ किलोमीटरची होती. तुम्ही म्हणाल, निम्मीच तर केली! पण बाजू निम्मी झाली की चौकटींची संख्या चौपट होते, आणि वेळेची पावलंही साधारण निम्म्या अंतराने टाकावी लागतात. म्हणजे काम आठपट.

इतकं दळण घरी निघत नाही. दळण हा शब्द मी मुद्दाम वापरला. आपल्या स्वयंपाकघरात घरघंटी असते, चार माणसांचं पीठ तिच्यावर निघतं. लग्नाचं दळण मात्र गिरणीतच न्यावं लागतं. डब्यावर नाव लिहायचं, नंबर लावायचा, आपली पाळी आली की पीठ घेऊन जायचं. सामायिक महासंगणक म्हणजे अशीच गिरणी. प्रत्येकाने आपलं काम रांगेत लावायचं. रांग सांभाळणारी प्रणाली कोणाला किती वेळ द्यायचा ते ठरवते.

मोठमोठ्या देशांनीही हाच मार्ग धरला. एकेकट्या देशाला परवडणार नाही म्हणून १९७५ मध्ये युरोपातल्या देशांनी मिळून एक सामायिक हवामान केंद्र उभारलं. त्याचे मध्यम पल्ल्याचे अंदाज आज जगभर मानले जातात. अमेरिकेत त्याआधीच, १९६० मध्ये, विद्यापीठांनी एकत्र येऊन बोल्डर गावी राष्ट्रीय वातावरण संशोधन केंद्र सुरू केलं. विमानं, संगणक अशी जी साधनं एकट्या विद्यापीठाच्या आवाक्यात नव्हती, ती सगळ्यांनी मिळून वापरायची, हा त्यामागचा विचार.

याचा विद्यार्थ्यांशी काय संबंध, ते मी जवळून पाहिलं आहे. मी इंदूरच्या एका महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते. माझ्या एका विद्यार्थिनीला आपल्या तालुक्यातल्या पावसाचा अभ्यास करायचा होता. तिचे वडील शेतकरी, त्यामुळे प्रश्न पुस्तकातून नाही, घरातूनच आलेला. भारतीय हवामान विभागाने १९०१ पासूनची रोजच्या पावसाची चौकटीवार आकडेवारी खुली ठेवली आहे. तेवढं काम तिच्या लॅपटॉपवर झालं. पण एका अतिवृष्टीच्या दिवशी नेमकं काय घडलं हे प्रारूप चालवून बघायचं म्हटल्यावर लॅपटॉप रात्रभर तापत राहिला आणि शेवटी बंद पडला. प्रारूप फुकट मिळत होतं, आकडे फुकट मिळत होते, नव्हतं ते दळायला जातं. विषय बदलायचा का, असं तिने मला विचारलंही.

शेवटी दुसऱ्या शहरातल्या एका संस्थेच्या सामायिक संगणकावर तिला खातं मिळालं. तिने इथूनच काम रांगेत लावलं, दुसऱ्या दिवशी निकाल आला. डोंगराळ भागात पाऊस कुठे जास्त पडला हे प्रारूपाने बरं दाखवलं, वेळ मात्र काही तास चुकवली. का चुकवली, हाच तिच्या प्रबंधाचा खरा विषय झाला. मला यात महत्त्वाचं वाटतं ते हे की, आपल्या गावाबद्दलचा प्रश्न विचारायला तिला महानगरात बिऱ्हाड करावं लागलं नाही.

२०१५ पासूनच्या राष्ट्रीय सुपरकॉम्प्युटिंग मिशनमधून ‘परम’ मालिकेतले संगणक देशातल्या अनेक संस्थांत बसले आहेत. पण नुसतं यंत्र बसवून भागत नाही. अखंड वीज लागते, यंत्र थंड ठेवावं लागतं. गिरणीवाला नसेल तर गिरणी चालत नाही, तसं बिघाड काढणारी आणि नवख्याला शिकवणारी माणसं लागतात. आकड्यांची पोती घरोघर वाहण्यापेक्षा संगणक आकड्यांच्या शेजारी ठेवणं सोयीचं. आणि धान्यच निवडलेलं नसेल तर पीठ कसं चांगलं येणार? पर्जन्यमापक कमी असतील, नोंदी अर्धवट असतील, तर महासंगणकही काही करू शकत नाही.

तुमच्या घरात कोणी विज्ञान शिकत असेल, तर हवामान विभागाची ती आकडेवारी त्याला एकदा उघडायला सांगा. आपल्या आजीच्या जन्मवर्षी आपल्या गावात किती पाऊस पडला, एवढं जरी त्याने शोधलं तरी पुढचे प्रश्न आपोआप सुचतील. आणि लॅपटॉप थकला, तर जवळच्या मोठ्या संस्थेत सामायिक संगणकाची सोय आहे का, हे महाविद्यालयाला विचारायला लावा. ही यंत्रं आपल्या करातून उभी राहिली आहेत. आपल्या मुलांनी तिथे नंबर लावायला संकोच कशाला करायचा?