खुणा कुणी करायच्या?

गायकवाडांच्या राज्यात येऊन बडोद्याला रुजलेल्या आम्हा मराठी कुटुंबांच्या मुंजी-लग्नांच्या व्हिडिओ कॅसेट कालांतराने डीव्हीडीवर उतरल्या. घरात डीव्हीडी प्लेअर नसला, तरी अडत नसे. २००० साली आलेले मुलांचे प्लेस्टेशन टू तबकडीही लावी. २००१ च्या एक्सबॉक्सला मात्र त्यासाठी वेगळा रिमोट संच घ्यावा लागे.

प्लेस्टेशनच्या कंट्रोलरवर त्रिकोण, वर्तुळ, फुली आणि चौकोन. तेथे ‘थांबा’, ‘पुढे’ अशी अक्षरे शोधणारी आमची वडीलधारी मंडळी गोंधळून जात. तथापि खरी अडचण कळांची नव्हतीच. चित्रपटाच्या तबकडीत प्रकरणे पाडलेली असतात; ‘पुढे’ची कळ दाबली, की यंत्र पुढील प्रकरणावर जाते. आमच्या घरच्या मुंजीची तबकडी एका दुकानाने सलग उतरवून दिली होती. खुणाच नसतील, तर यंत्र थांबणार कोठे? भिक्षावळीत आजीने नातवाला दिलेला आशीर्वाद ऐकायचा, तर घाणा, ग्रहमख, मातृभोजन असे सारे जलद गतीने ओलांडावे लागे. आणि त्या गतीत आवाज लोपतो, त्यामुळे कानांनी जागा सापडत नाही.

२०२० च्या प्लेस्टेशन फाइव्हच्या एका प्रकाराला तबकडीची खोबणच नाही. तेव्हा आता नव्या प्रती कराव्याच लागतील. त्या वेळी खुणा कोठे करायच्या, हे घरातील जाणत्यांनी ठरवावे. दुकानदाराला फार तर मुहूर्त कळेल; आजी कोणत्या मिनिटाला बोलते, हे आम्हांलाच ठाऊक.