निघण्याचा शब्द

इंग्रजीत साध्या क्रियापदापुढे ‘ऑफ’, ‘आउट’, ‘अवे’ असा एखादा इवलासा शब्द आला की मूळ अर्थच पालटतो. ‘सेट’ म्हणजे ठेवणे, मांडणे. पण ‘सेट ऑफ’ म्हणजे प्रवासाला निघणे. हिंगोली जिल्ह्यातील एका खेड्यात काही वर्षे मी मुलांना इंग्रजी शिकवले, तेव्हा या जोडशब्दाने आम्हांला पुष्कळ विचार करायला लावला.

‘लीव्ह’ आणि ‘सेट ऑफ’ यांतला भेद प्रथम उलगडावा लागे. ‘लीव्ह’मध्ये दृष्टी सोडलेल्या जागेकडे असते, म्हणून गाव, शाळा, नोकरी असे सारेच ‘लीव्ह’ करता येते. ‘सेट ऑफ’मध्ये ती पुढच्या वाटेकडे वळते. जायच्या ठिकाणाआधी ‘फॉर’ हवा: ‘वी सेट ऑफ फॉर नांदेड’. घरी निघताना मात्र तो गळतो: ‘सेट ऑफ होम’. भूतकाळातही ‘सेट’चे रूप बदलत नाही. फटाका उडवणे असाही याचा एक अर्थ आहे. पण तेथे फटाक्याचे नाव घ्यावे लागते, त्यामुळे घोटाळा होत नाही.

उदाहरणे जवळच होती. याच जिल्ह्यातील नर्सी हे परंपरेने संत नामदेवांचे जन्मगाव. ते पंढरपूरहून उत्तरेकडे निघाले आणि पंजाबात घुमानला राहिले. त्यांची 61 पदे गुरू ग्रंथसाहिबात आहेत. ‘नामदेव सेट ऑफ फॉर पंजाब’ हे वाक्य मुलांना लगेच उमगले.

दुसरे उदाहरण मुलांनीच पुरवले. दसरा-दिवाळीनंतर मराठवाड्यातील कित्येक कुटुंबे ऊसतोडीला निघतात, ती उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. त्या दिवसांत वर्गातील काही जागा रिकाम्या होत. निघण्याच्या आदल्या दिवशी एका मुलीने फळ्यावरचे वाक्य वाचले आणि विचारले, “सर, ह्याच्यात वापस यायचं कुठंय?”

प्रश्न लहान, पण नेमका होता. आपण उंबरठा ओलांडताना ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो. कोणी चुकून ‘जातो’ म्हणालाच, तर घरातली वडील माणसे त्याला थांबवतात. या ‘येतो’चे शब्दशः इंग्रजी केले, तर ऐकणाऱ्याला वाटेल, हा आपल्याकडेच येत आहे. ‘सेट ऑफ’ केवळ निघणे सांगतो. परतण्याचे वचन द्यायचे तर ‘आय विल बी बॅक’ असे निराळे वाक्य जोडावे लागते. त्या मुलीच्या वहीत मी ती दोन्ही वाक्ये एकाखाली एक लिहून दिली.

आज आपल्याही घरांतील मुले शिक्षणासाठी, नोकरीसाठी दूरदेशी निघतात. त्यांना इंग्रजी उत्तम यावे, यात दुमत नाही. परंतु शब्दाला शब्द ठेवून परभाषा येत नाही. तिच्यात काय मावते आणि काय बाहेर राहते, हेही ओळखावे लागते. मुलांनी विमानतळावर ‘सेट ऑफ’ खुशाल म्हणावे. दारात मात्र ‘येतो’ म्हणावे, कारण मागे उरलेल्या माणसांना त्या एका शब्दावर पुष्कळ दिवस काढायचे असतात.