आमचे पहिले व्यक्तिचित्र

माणसाच्या स्वभावाचा ठाव घेणाऱ्या पुस्तकांविषयी वार्षिकांकासाठी काही लिहावे, अशी सूचना आली तेव्हा आम्हांस प्रथम आनंद झाला आणि पाठोपाठ संकोच वाटला. आनंद यासाठी, की आमच्या वाचनाचा अर्धाअधिक ऐवज अशा पुस्तकांचाच आहे. संकोच यासाठी, की अशाच एका वार्षिकांकात आमच्या हातून एक अपराध घडलेला आहे. तो सांगितल्यावाचून या पुस्तकांविषयी बोलणे म्हणजे देणे बुडवून दानधर्म करण्यासारखे होईल.

गोष्ट १९७४ सालची. आम्ही नववीत होतो. चोपडे आणि शिवोली यांच्यामध्ये त्या वेळी पूल नव्हता. शापोरा नदी फेरीबोटीतून ओलांडावयाची, आणि बोट पैलतीराला असली की धक्क्यावर बसून वाट पाहावयाची. ती वाट पाहण्याची घटका आम्ही वाचनात घालवीत असू. शाळेच्या कपाटातून मिळालेले 'व्यक्ती आणि वल्ली' हे पुस्तक आम्ही असेच धक्क्यावर बसून संपविले. पु. ल. देशपांडे यांचे हे पुस्तक १९६२ साली निघाले आणि १९६५ साली त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, ही माहिती आम्हांस पुढे झाली. त्या वेळी कळले ते एवढेच, की आपल्या गावात ज्यांना आपण नुसती माणसे समजत होतो ते सगळे 'वल्ली' आहेत! आम्ही एक वही केली आणि गावभर अंतू बर्वा शोधीत हिंडू लागलो. त्या पुस्तकात लेखकाने हसता हसता माणसांवर केवढी माया केली आहे, ते आमच्या ध्यानी आले नाही. चौदा वर्षांच्या मुलाच्या ध्यानी हसणे तेवढे राहते.

शोध फार दूर न्यावा लागला नाही. आमची वल्ली आमच्याच घरात होती.

आमच्या वडिलांची थोरली बहीण, आमची आत्या, तरुणपणी विधवा होऊन माहेरी परतली होती. घरच्या तांदळावर तिची सत्ता असे. उकड्या तांदळाची कोठी तीच उघडी आणि तीच बंद करी. तांदूळ मापाने काढावयाचे, मापावरची रास तळहाताने मोडून सपाट करावयाची, आणि इतके करून झाल्यावर मापातली एक मूठ पुन्हा कोठीत टाकावयाची, हा तिचा रोजचा नेम. पेजेचा थेंब वाया गेलेला तिला खपत नसे. पाहुणे आले तरी माप तेच. फार तर ती मूठ त्या दिवसापुरती परत जात नसे. तिच्या कनवटीला दोन किल्ल्या असत. झोपतानाही त्या तिच्याजवळच असत.

आम्ही लेख लिहिला. मथळा दिला 'कोठीवरची राणी'. मूठभर तांदूळ परत टाकताना तिचा चेहरा कसा होतो, मांजराला पेज वाढताना ती कशी दोनदा विचार करते, हे सारे मीठमसाला लावून लिहिले. जिचा एका कुलुपावर विश्वास नाही तिला दोन किल्ल्या बाळगाव्या लागतात, असे एक वाक्यही त्यात होते, आणि त्या वाक्याचा आम्हांस मोठा अभिमान वाटत होता. लेख छापून आला. वर्गात तो मोठ्याने वाचला गेला. मुले खो खो हसली. आम्ही कृतार्थ झालो.

आत्याला अक्षरओळख नव्हती. आपल्याविषयी पुस्तकात काही छापले आहे, ही बातमी मात्र तिला शेजारणीकडून कळली. त्या रात्री जेवणे उरकल्यावर ती ओसरीवर येऊन बसली, पदर सावरला आणि म्हणाली, "वाच रे पुता, काय लिहिलेस ते ऐकू दे." ती अर्थात कोकणीत बोलली. आमचे सारे घर कोकणीतच बोले, आणि लिहिणे, वाचणे, पोथी, कीर्तन हे सगळे मराठीतून चाले. पेडण्यात तेव्हा घरोघर असेच होते. तिचे बोलणे येथे मराठीत देत आहोत.

आम्ही अंक उघडला आणि आमचा धीर सुटला. छापलेले वाचण्याची छाती होईना. मग डोळे कागदावर ठेवून आम्ही मनचे वाचू लागलो. आमची आत्या घरासाठी किती झिजते, तिच्या हातच्या पेजेला कशी चव असते, वगैरे वगैरे. आत्या मान डोलावीत ऐकत होती. संपल्यावर काही न बोलता ती आत गेली. आम्ही सुटकेचा निःश्वास टाकला.

दुसऱ्या दिवशी सायंकाळी ती पुन्हा म्हणाली, "कालचे ते वाच."

आम्ही वाचले. निम्म्यावर आलो असू नसू, तोच तिने हात वर केला. "काल येथे वेगळे होते. काल आधी पेज होती आणि मग तुझ्या आजारपणात मी जागले ते होते. आज आजारपण आधी आले."

येथे एक गोष्ट सांगावयास हवी. श्रावणात आमचे वडील ओसरीवर दासबोध वाचीत. आत्या उंबऱ्याआड बसून तांदूळ निवडता निवडता ऐके. वडिलांकडून चुकून दोन पाने एकदम उलटली गेली, की आतून आवाज येई, "मधले राहिले!" तिला अक्षर ठाऊक नव्हते, पण ऐकलेला शब्द तिच्यापाशी तसाच्या तसा राही. वाचता येणाऱ्या आम्हांस जे साधत नव्हते ते तिला साधत होते, आणि तिच्याशीच आम्ही ही लबाडी करावयास निघालो होतो.

"पोथी कितीदा वाचली तरी बदलत नाही," ती म्हणाली. "तुझे पुस्तक रात्रीतून कसे बदलले?"

आम्ही गप्प बसलो.

"आता छापले आहे ते वाच."

आम्ही वाचले. त्या वाचनाचे वर्णन करवत नाही.

आत्याचे पुढे काय झाले ते सांगण्यापूर्वी त्या वर्षी आम्हांस भेटलेल्या आणखी काही पुस्तकांविषयी लिहावे लागेल, कारण ती घटना आम्हांस कळली ती त्यांच्यामुळे.

पहिला अर्थातच दासबोध. त्याच्या दुसऱ्या दशकाचा आरंभ मूर्खलक्षणांनी होतो आणि शेवट पढतमूर्खाच्या लक्षणांनी. लहानपणी ती लक्षणे ऐकताना आम्ही मनातल्या मनात गावातील एकेकाला एकेक लक्षण वाटून टाकीत असू. समर्थांनी तेथे कोणाचे नाव घेतलेले नाही. ज्याने त्याने आपल्याला लागू पडेल ते लक्षण ओळखून टाकून द्यावे, अशी ती योजना. ते लोकांवर फेकण्याचे दगड नव्हेत. पढतमूर्खाचा समास इतक्या वर्षांत आम्ही अनेकदा ऐकला होता. तो कोणासाठी आहे, हे त्या सायंकाळी ओसरीवर कळले.

दुसरे पुस्तक आमच्या मराठीच्या गुरुजींनी दिले. आमचा लेख वाचून ते हसले नव्हते. त्यांनी लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' हातात ठेविली आणि आरंभाची पाने नीट वाचावयास सांगितले. या ग्रंथाचा पहिला भाग १९३४ साली प्रसिद्ध झाला. लक्ष्मीबाईंच्या वडिलांना सोवळ्याओवळ्याचे विलक्षण वेड होते. बाहेरून आलेली वस्तू धुतल्यावाचून घरात घ्यावयाची नाही, असा त्यांचा खाक्या; आणि त्यापायी घरच्या बायकामुलांचे जे हाल होत ते लेखिकेने अशा खुसखुशीतपणे सांगितले आहेत की हसू आवरत नाही. परंतु हे वेड आले कोठून, तेही ती सांगते. १८५७ च्या बंडाच्या धामधुमीत तिच्या आईच्या वडिलांना फाशी झाली. त्या धक्क्याने तिचे वडील असे झाले. आम्ही ते पान पुन्हा पुन्हा वाचले. आपल्या आत्याविषयी आपण जे लिहिले त्यात सारे होते, फक्त 'कोठून आले' एवढे नव्हते.

त्याच पुस्तकात तिने आपल्या पतीचेही चित्र काढले आहे. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली ख्रिस्ती धर्म स्वीकारला. पतिपत्नींची कित्येक वर्षे ताटातूट झाली. पुढे १९०० साली लक्ष्मीबाईंनीही बाप्तिस्मा घेतला. एवढे सोसलेल्या स्त्रीने नवऱ्याला देवही केले नाही आणि खलपुरुषही केले नाही. तापट, भोळा, हातचे पैसे वाटून टाकणारा, देवासाठी वेडा झालेला असा तो माणूस आपल्यासमोर चालू बोलू लागतो. आणि हे सर्व ज्या भाषेत आहे ती स्वयंपाकघरातली, ओसरीवरची भाषा आहे. माणसाची श्रद्धा त्याच्या स्वभावातून कशी पाझरते, हे धर्माच्या कोणत्याही पुस्तकाने आम्हांस इतके दाखविले नाही.

'ययाति' आम्ही वाचली ती वि. स. खांडेकर आमचे जवळजवळ शेजारी म्हणून! चोपड्याहून हरमल, केरी करीत तेरेखोलची नदी ओलांडली की रेडी लागते आणि पुढे शिरोडे. तेथे १९२० पासून १९३८ पर्यंत ते शाळामास्तर होते. 'ययाति' त्यांनी पुष्कळ नंतर लिहिली. ती १९५९ साली निघाली आणि १९७४ सालचे ज्ञानपीठ पारितोषिक तिला लाभले. तिच्यातील अलंकारिक भाषेचा आता आम्हांस थोडा कंटाळा येतो हे कबूल करावयास हवे. परंतु एक गोष्ट फार मोलाची आहे. तीत ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा आळीपाळीने स्वतःच आपली हकीकत सांगतात. देवयानीला बोलावयाची संधी मिळाल्याबरोबर आपला तिच्यावरचा राग डळमळू लागतो. इरावती कर्वे यांच्या 'युगान्ता'तही तेच. गांधारीच्या डोळ्यांवरच्या पट्टीला पातिव्रत्य म्हणून आपण नमस्कार करून मोकळे होतो. इरावतीबाईंना त्या पट्टीआड फसविल्या गेलेल्या मुलीचा संताप दिसला.

भाषेचा प्रश्न मात्र या पुस्तकांनी सुटला नाही. आत्या कोकणीत जगली, आणि आम्ही तिला मराठीत लिहिले. तिच्या तोंडच्या शब्दांची धार त्यात उतरलीच नाही. हा प्रश्न आपल्या गोव्यात जुना आहे. इंग्लंडातून आलेले फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ साली छापलेले 'क्रिस्तपुराण' ओवीबद्ध मराठीत रचिले, आणि प्रश्नोत्तररूपी धर्मशिक्षणाचे पुस्तक मात्र कोकणीत लिहिले. ऐकून गहिवरावयाची भाषा एक आणि रोज उत्तर द्यावयाची भाषा दुसरी, हे त्या परदेशी माणसाने ओळखले होते. आम्ही ज्या घरात जन्मलो तेथे हे ओळखावयास आम्हांस चौदा वर्षे आणि एक फजिती लागली.

असो. त्या सायंकाळी आमचे वाचून झाले. आत्या बराच वेळ काही बोलली नाही. मग तिने विचारले, "असे किती कागद छापले?"

"तीनशे."

"तीनशे," ती म्हणाली. ज्या स्वरात ती तांदळाची मापे मोजी त्याच स्वरात. "म्हणजे सगळ्यांच्या घरी गेले."

आम्ही रडू लागलो. तिने समजूत घातली नाही, रागेही भरली नाही. थोड्या वेळाने म्हणाली, "तांदळाचे लिहिलेस ते खरे आहे. मूठ मी परत टाकते. मांजराचे खोटे आहे. आणि किल्ल्यांचे तुला ठाऊक नाही."

तिने कनवटीच्या किल्ल्या काढून पुढे ठेविल्या. एक कोठीची. दुसरी बारीक, काळी पडलेली. ती तिच्या लग्नातल्या फणसाच्या पेटीची होती. १९४२ साली ब्रह्मदेश जपानच्या हाती पडला आणि रंगूनचा तांदूळ गोव्यात यावयाचा बंद झाला. आपल्याकडे पिकणारे वर्षभर पुरत नसे. त्या टंचाईत घरात पाच लहान मुले होती, त्यांत आमचे वडीलही होते. आत्याने पेटी विकली आणि तांदूळ आणले. "पेटी गेली," ती म्हणाली, "किल्ली द्यावयाची राहिली. मागून कोणी मागितली नाही." त्या वर्षी एके दिवशी दारी आलेल्या एका बाईला तिला रिकाम्या हाताने परत लावावे लागले होते. परत टाकलेली मूठ त्या दिवसापासूनची. ही बाई कोण, कोठली, पुढे तिचे काय झाले, हे आम्ही विचारले. "ते मला कोठे ठाऊक?" एवढेच ती म्हणाली आणि चुलीकडे वळली.

आम्ही अंक लपवून ठेविला. आत्याने तो शोधून काढला. त्यानंतर घरी कोणी पाहुणे आले की ती आम्हांस हाक मारी, अंक हातात देई आणि छापलेले सगळे, मांजरासकट, वाचावयास लावी. किल्ल्यांच्या वाक्यापाशी आलो की हात वर करून आम्हांस थांबवी, आणि पुढचे ती स्वतः सांगे.