रक्ती हगवण

मागच्या जुलैत जोडून सुट्टी आली, म्हणून महाराष्ट्र एक्स्प्रेसने सहकुटुंब शेगाव गाठलं, मामाकडे. बेत नेहमीचाच. महाराजांचं दर्शन, मग कचोरी आणि मग नुसतं लोळणं!

पण मामाच्या अंगणात सुतक होतं. आणलेल्या ५० पिल्लांपैकी १९ गेली होती. उरलेली पंख पाडून कोपऱ्यात, आणि खाली लाल विष्ठा.

"रक्ती हगवन हाय बाबू. पावसानं भुसा वला झाला, म्या म्हटलं उद्या बदलू..."

त्या 'उद्या'तच सगळं आलं. आयमेरिया नावाचा परजीवी. विष्ठेतून पडणारी त्याची अंडुकं लगेच बाधत नाहीत, ती ओल आणि ऊब मिळाली की एक-दोन दिवसांत तयार होतात. गुरांच्या डॉक्टरांनी पाण्यातून अँप्रोलियम दिलं, बाकीची वाचली.

पुण्यात परतल्यावर आठवड्याभरात आमच्या चार वर्षांच्या लेकीला पाण्यासारखे जुलाब सुरू झाले. थांबेचनात. शौचाचा रिपोर्ट नॉर्मल! सहाव्या दिवशी माझं डोकं फिरलं. मामाला फोन लावला आणि नको ते बोललो. कोंबड्या काय, घाण काय... तो काहीच बोलला नाही.

डॉक्टरीणबाई मात्र हसल्या. कोंबडीचा आयमेरिया कोंबडीतच राहतो, माणसाला होत नाही. "दुसरं जनावर होतं का?" होतं ना. जुलाब लागलेलं वासरू, आणि बाईसाहेब दिवसभर त्याच्या गळ्यात पडलेल्या.

मग ॲसिड-फास्ट रंग देऊन तपासणी झाली. क्रिप्टोस्पोरिडियम! आयमेरियाचा लांबचा भाऊबंद, पण हा वासरातून माणसात येतो. नेहमीच्या तपासणीत तो सहसा दिसत नाही. (टेस्ट केसच लिहिली नाही तर बग सापडणार कसा? आम्हाला हे कोणी सांगायला हवं होतं का!) क्लोरीनलाही तो दाद देत नाही. १९९३ साली अमेरिकेत मिलवॉकीच्या नळाच्या पाण्यातून अंदाजे ४ लाख लोक आजारी पडले होते. पाणी मिनिटभर खळखळून उकळलं की मात्र मरतो. धडधाकट माणूस दोनेक आठवड्यांत बरा होतो, कुपोषित तान्ह्यांना आणि एचआयव्ही असलेल्यांना तो जिवावर बेतू शकतो. आमचं निभावलं ते मुख्यतः ओआरएसवर.

लेक खेळायला लागली तेव्हा मामाला फोन केला. माफी कशी मागायची याची वाक्यं जुळवत होतो.

"पोट्टी बरी हाय ना? मंग झालं," मामा म्हणाला. "वासरू बी बरं हाय. सांग तिले."