आठवी पिन

आज सिमरोल म्हटलं की आयआयटी. १९९६ साली आमच्यासाठी सिमरोल म्हणजे खंडवा रोडवरचं सोयाबीनचं गोदाम आणि पावसात खरखरणारी फोनलाइन. रोज रात्री तिथला मुनीम मोडेमवरून इंदूरच्या आमच्या ४८६ मशीनला फोन लावून साठा भरायचा. लांबची गोदामं अकरा वाजायची वाट बघत. त्यानंतर एसटीडी पाव दरात.

जुलैतल्या एका रात्रीनंतर सिमरोलच्या खात्यात चारशे पोती जास्त निघाली. माल खंडव्याचा होता. विजांच्या कडकडाटात सिमरोलची लाइन तुटली, मोडेमनं फोन ठेवला. मशीनवरच्या युनिक्सला मात्र पत्ताच नाही. त्याच्या लेखी मुनीम अजून बसलेलाच. पाच मिनिटांनी त्याच पोर्टवर खंडव्याचा फोन. लॉगिन नाही, पासवर्ड नाही, थेट साठ्याचा मेनू! सकाळी खंडव्याचा मुनीम खुशीत विचारतो, "भिया, अब पासवर्ड नी लगता क्या?"

चूक माझी. आठ पोर्टांचं कार्ड मीच निवडलं होतं आणि टर्मिनल लावून आठही पोर्ट तपासलेही होते. पण टर्मिनलचं तीन तारांवर भागतं: एक पाठवायची, एक घ्यायची, एक ग्राउंड. मोडेमचं भागत नाही. २५ पिनांच्या कनेक्टरवरची आठवी पिन, कॅरिअर डिटेक्ट, पलीकडचा आहे की गेला ते सांगते. तो सिग्नल पडला की कर्नल हँगअप पाठवतो, शेल मरतं आणि गेटी नावाचं प्रोग्राम नव्या पाहुण्यापुढे कोरं लॉगिन मांडतं. आमच्या केबलमध्ये ती तारच नव्हती. एससीओ युनिक्समध्ये एकाच पोर्टाची दोन नावं असतात. मोठ्या अक्षराचं मोडेम-कंट्रोलवालं, छोट्या अक्षराचं त्याविना. मोठ्या अक्षरानं पोर्ट उघडेना, म्हणून मी छोटं वापरलं. तिथेच शंका यायला हवी होती.

दुकानदार कार्डाच्या वेगाचं बोलायचे, आणि तेही खोटं नव्हतं. ३८,४०० चा वेग म्हणजे सेकंदाला ३,८४० अक्षरं. जुन्या १६४५० चिपला बफर नाही, तिला दर अक्षराला प्रोसेसरचा दरवाजा ठोठावावा लागतो. आठ पोर्ट एकदम चालले तर तीस हजारांवर ठोके. १६५५०ए मध्ये सोळा अक्षरांची रांग असते, म्हणून तीच घ्यायची. पण आमच्याकडे अक्षरं कधी गळली नाहीत. गळला तो मुनीम गेल्याचा निरोप.

तो निरोप पोचवणारं दुसरं कार्ड घ्यायला मी मोडेम काखेत मारूनच गेलो. दुकानातल्या मशीनवर लॉगिन केलं, चालू कॉलमध्ये भिंतीतली फोनची वायर उपटली आणि आत कोण आहे ते सांगणारी 'हू' कमांड मारली. नाव तसंच. केबल बदलली, तरी तसंच. दुकानदार वैतागला: "साहेब, वायर काढल्यावर कोण बघतं?" तिसऱ्या कार्डावर दोन-तीन सेकंदांत नाव पुसलं गेलं.

तेच घेतलं, दीडपट दरानं.