काऊन?

आमच्या लेकीला पहिल्यांदा भेटणारे लोक तिच्या डोक्यावरून हात फिरवतात आणि मला म्हणतात, "नशीब काढलं हो पोरीनं!" इथे न्यू जर्सीत मंडळाच्या गणपतीत म्हणतात, साताऱ्याहून येणाऱ्या व्हिडिओ कॉलवरही म्हणतात. म्हणणाऱ्याच्या मनात मायाच असते. पण ती आता आठ वर्षांची आहे आणि तिला सगळं ऐकू येतं.

त्या वाक्यात तिचं आयुष्य विमानतळापासून सुरू होतं. खरं तर आमच्याकडे येण्याआधी ती साडेचार वर्षं विदर्भात जगली होती. आधी आईजवळ, मग शिशुगृहात. तिला आम्ही मिळालो, पण त्याआधी तिचं बरंच काही सुटलं होतं.

परदेशात राहून भारतातलं मूल दत्तक घ्यायचं म्हणजे कागदांचा डोंगर. इथल्या संस्थेनं आमचं घर, पगार, तब्येत, पोलिसांकडची नोंद, सगळं तपासून अहवाल लिहिला. मग दिल्लीतल्या 'कारा' या केंद्रीय यंत्रणेकडे नोंदणी, अमेरिकन इमिग्रेशनची मंजुरी, काराचं ना-हरकत प्रमाणपत्र, जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश, पासपोर्ट, व्हिसा. साडेतीन वर्षं गेली. नवरा वैतागायचा, "मूल हवंय, खाण नकोय खणायला!"

या जाचामागे कारण आहे. भारतीय मुलं परदेशी पाठवताना होणाऱ्या गैरप्रकारांबद्दल वकील लक्ष्मीकांत पांडे यांनी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं. त्यावर १९८४ मध्ये न्यायालयानं नियम घालून दिले. १९९३ च्या हेग कराराचाही गाभा हाच: मुलासाठी आधी त्याच्याच देशात घर शोधायचं, मूल विकलं किंवा पळवलं गेलेलं नाही याची खात्री करायची. भारतानं तो करार २००३ मध्ये मान्य केला. म्हणजे तो प्रत्येक शिक्का आमच्या सोयीसाठी नव्हता, तिच्या बाजूनं होता.

फाइलमधली एक ओळ मात्र मला अजून झोपू देत नाही. तिच्या आईनं तिला बालकल्याण समितीपुढे स्वाधीन केलं होतं. कायद्यानं अशा पालकांना फेरविचारासाठी दोन महिने मिळतात. ते दोन महिने संपल्यावरच मूल दत्तकासाठी मोकळं होतं. ती बाई त्या दिवसांत शिशुगृहाच्या रस्त्यापर्यंत येऊन परत गेली असेल का? कागदात ते नाही. ज्या तारखेची आम्ही जिवाच्या आकांतानं वाट पाहत होतो, ती कुणाची तरी शेवटची मुदत होती.

लेक आली ती वऱ्हाडी बोलत. पहिल्या आठवड्यात रोज रात्री एकच, "मले मावशीपाशी जाचं हाये." मावशी म्हणजे शिशुगृहातली सांभाळणारी बाई. मी तिला थोपटत बसायचे. समजूत घालायला माझ्याकडे काही नव्हतं, कारण तिचं म्हणणं बरोबरच होतं. दिवसा ती प्रत्येक गोष्टीला "काऊन?" विचारायची. बर्फ काऊन पडते, दादा इंग्रजी काऊन बोलते. अकरा वर्षांच्या आमच्या मुलाला मराठी समजायचं, पण उत्तर इंग्रजीतच यायचं. तिच्यामुळे तो मराठी बोलायला लागला, तेही वऱ्हाडी. साताऱ्याची आजी फोनवर चक्रावली.

शाळेनं सुचवलं, घरी इंग्रजीच बोला, लवकर रुळेल. आम्ही तसं केलं नाही. संस्कृती, अस्मिता वगैरे मोठ्या शब्दांसाठी नव्हे. सत्तर-ऐंशीच्या दशकांत भारतातून स्वीडन, नेदरलँड्ससारख्या देशांत दत्तक गेलेली मुलं आता मध्यमवयीन आहेत. त्यांतली काही आपलं मूळ शोधत भारतात येतात, तेव्हा सोबत दुभाषा असतो. जिनं जन्म दिला तिच्याशी बोलायचं, ते तिसऱ्या माणसाच्या तोंडून.

आमच्या लेकीलाही अठरा वर्षांची झाल्यावर स्वतः अर्ज करून मूळ शोधण्याचा हक्क आहे. तिच्या आईलाही गुप्तता राखण्याचा, 'नको' म्हणण्याचा हक्क आहे. तेही तिला कळेल अशा शब्दांत सांगायला आम्ही सुरुवात केली आहे. सगळे कागद एका पेटीत ठेवलेत. पेटी कुठे आहे, ते तिला माहीत आहे.

आता कुणी "नशीब काढलं" म्हटलं की मी म्हणते, "नशीब आमचं." वाद तिथेच थांबतो.

तिचं इंग्रजी आता माझ्यापेक्षा सफाईदार आहे. मराठी रोज थोडी निसटते, आम्ही रोज थोडी धरून ठेवतो. तिनं तिकडे जावं की न जावं, काही विचारावं की नाही, हे तिचं तिनं ठरवायचं. पण विचारायची वेळ आलीच, तर "काऊन?" हा शब्द तिच्या स्वतःच्या तोंडात असावा, आणि समोरच्या बाईला तो कानावर पडताक्षणी कळावा.