नागोयाची नाजूक कपबशी

मैत्रिणींनो, जपानला जाणारी आपली मंडळी तोक्यो आणि क्योतो करून परततात. मधल्या नागोयाला फारसं कोणी उतरत नाही. तुम्ही मात्र जरूर उतरा! स्टेशनपासून पायी पंधराएक मिनिटांवर नोरिताकेची बाग आहे. जिच्या कपाटात आजेसासूबाईंच्या वेळच्या जपानी कपबश्या आहेत, तिनं तर ती पाहायलाच हवी.

नोरिताके हे मुळात इथल्या खेड्याचं नाव. अमेरिकेशी व्यापार करणाऱ्या मोरिमुरा मंडळींनी १९०४ साली इथं कारखाना काढला. लाल विटांची जुनी इमारत अजून उभी आहे. बागेतल्या दुसऱ्या इमारतीत कारागीर आपल्या डोळ्यांदेखत बशीवर फुलं रंगवतात. हात कसा स्थिर म्हणून सांगू! वरच्या मजल्यांवर जुन्या भांड्यांचं संग्रहालय आहे. जेवणाचा पहिला पूर्ण सेट जमायला १९१४ साल उजाडलं, कारण मोठी ताटली भट्टीत वाकडी न होता निघेना.

आता घरची बशी उलटी करून पाहा. अमेरिकेच्या जकात कायद्यामुळे १८९१ पासून परदेशी मालावर देशाचं नाव लागू लागलं. जपानी मालावर तेव्हा ‘निप्पॉन’ लिहीत. १९२१ पासून ‘जपान’ लिहावं लागलं. ‘ऑक्युपाइड जपान’ असेल तर माल दुसऱ्या महायुद्धानंतरचा, १९५२ पर्यंतच्या अमेरिकी अमलातला. पानांच्या वेढ्यातला इंग्रजी ‘एम’ म्हणजे मोरिमुरा. पण हे नियम अमेरिकेला जाणाऱ्या मालाचे, तेव्हा आपल्याकडच्या कपाला ते डोळे मिटून लावू नका. शिवाय ‘निप्पॉन’चे खोटे शिक्केही मारले जातात बरं का! नुसत्या शिक्क्यावर भुलायचं नाही.

म्हणून भिंग घ्या. हातानं रंगवलेल्या पाकळीत कुंचल्याचे फटकारे दिसतात, आणि दोन पाकळ्या कधी हुबेहूब सारख्या नसतात. बारीक बारीक ठिपके दिसले तर ती छापील नक्षी. कित्येकदा बाह्यरेषा छापील आणि रंग हातानं भरलेला, असाही प्रकार असतो. काही भांड्यांवर ओल्या मातीची उठावदार नक्षी असते, तिला ‘मोरिआगे’ म्हणतात. बोट फिरवलं की लगेच कळते. काही कप उजेडाकडे धरले की तळाशी जपानी बाईचा चेहरा दिसतो. गंमत वाटते खरी, पण असे कप ढिगानं निर्यात झाले. त्यामुळे केवळ चेहरा आहे म्हणून त्यांना मोठी किंमत येत नाही.

किंमत ठरते ती रंगकाम आणि स्थिती यांवर. काठाचा सोनेरी मुलामा झिजलेला, टवका उडालेला किंवा केसासारखा तडा असला की भाव निम्म्याच्याही खाली येतो. नखानं हलकेच टिचकी मारा, तडकलेला कप बद्द वाजतो. पूर्ण सेटमधला एखादा कप सुटा देऊ नका आणि दारावरच्या जुनं सामान घेणाऱ्याच्या पहिल्या शब्दाला तर हो म्हणूच नका. दोन जाणत्या दुकानांत दाखवून मगच बोला.

आणि हो, सोनेरी काठाचे कप मायक्रोवेव्हमध्ये ठेवू नका, ठिणग्या उडतात. घासायलाही काथ्या नको, कोमट पाणी आणि मऊ फडकं पुरे.